बोट मागं राहिलं

गोष्ट तशी काहीच नाही. पण २०२५ चे गणपती उठले तेव्हा डोक्यात येऊन बसलीये ती अजून उठायचं नाव घेत नाही, म्हणून एकदाची लिहून टाकतो. झालं असं की आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, कागदांचं काम निघालं. आधारवर पांडुरंग, सातबाऱ्यावर पांडू, रेशन कार्डावर पांडूरंग (डू दीर्घ), आणि जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. त्यातली एक अर्थातच १ जून. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे कधी झालं, आई सांगायची आखाडात, पाऊस लई होता, आणि गुरुजी लिहायचे १ जून. ऑफिसातले साहेब म्हणाले शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा मग बघू. म्हणून सप्टेंबरातल्या एका मंगळवारी रजा टाकली, पुण्याहून गाडी काढली आणि साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आण्णा शिकले ती शाळा, मी चौथीपर्यंत शिकलो ती शाळा, एकच.

शाळा दिसायला आता छान झालीये, हे आधी सांगतो, कारण जिल्हा परिषदेची शाळा म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं गळकं छप्पर येतं. भिंतीला आगगाडीचा डबा रंगवलाय, खिडक्या त्या गाडीच्या खिडक्या. पायऱ्यांवर इंग्रजी महिने. फरशीवर गोल, चौकोन, आकडे. कोपऱ्यात ग्रामपंचायतीनं दिलेला टीव्ही, त्यावर कुणीतरी शिवलेलं फुलाफुलाचं कव्हर, आणि त्या कव्हरवर जी धूळ होती ती बघून टीव्ही रोज लागत नसणार हे कळत होतं. पट सतरा. पहिली ते चौथी सगळे एकाच खोलीत, कारण बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि गुरुजी एकटे. पोरं त्यांना सर म्हणतात, मला मात्र तोंडातून गुरुजीच येतं. गुरुजींच्या एका हातात फोन कानाला आणि दुसऱ्या हातात दुसरा फोन, त्यावर कसलीतरी लिंक. मला बघून त्यांना हायसं वाटलं असावं. "पाच मिनिटं पोरांकडं बघता का, एवढं भरून पाठवतो, वरनं तीनदा फोन आलाय," म्हणाले, आणि रेंज मिळते त्या हापशापाशी जाऊन उभे राहिले.

मी खुर्चीत बसलो नाही, बसवलं नाही. पोरांच्यातच फरशीवर टेकलो. पोरं आधी गप्प, मग एकमेकांना कोपरानं ढोसणं, मग एकानं विचारलं गाडी तुमची हाय का. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक रिबीन सुटलेली अशी एक तिसरीतली मुलगी पुस्तक घेऊन सरळ माझ्यापुढं आली. "मी वाचू?" वाच की म्हणलो. आणि काय वाचलं हो तिनं! खणखणीत आवाज, स्वल्पविरामाला थांबणं, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेणं, एका जागी तर चक्क हसल्यासारखं केलं कारण धड्यातली आजी हसत होती. ओळीखालून बोट फिरवत वाचत होती, आम्हाला शिकवायचे तसंच. मी खूश होऊन नुसता ऐकत होतो आणि सहज नजर बोटाकडं गेली. ती पाखराचं काहीतरी म्हणत होती आणि बोट होतं दोन ओळी वर, जिथं पाखरू नव्हतंच. मग ती पुढच्या परिच्छेदात गेली, बोट आपलं त्याच्या चालीनं मागून येत होतं. शेवटी धडा संपला तेव्हा बोट पानाच्या मध्यावर कुठंतरी होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी शाब्बास म्हणलो. टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या.

रजिस्टर काही त्या दिवशी मिळालं नाही, जुनं कपाट बाईंच्या किल्लीत होतं, गुरुजी म्हणाले दिवाळीनंतर या, काढून ठेवतो. परत येताना फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी असं गाणी ऐकत मजेत आलो आणि दिवे घाटात ट्रॅफिकला अडकलो तेव्हा एकदम ते बोट आठवलं. आणि मग वाटलं की मी शाब्बास का म्हणलो. मला दिसलं होतं ना. तिथल्या तिथं तिच्या हाताला धरून, बाळा, पाखरू कुठाय दाखव बरं, एवढं म्हणायला काय झालं होतं. पण पाहुणा म्हणून गेलेला माणूस असाच वागतो. छान छान म्हणतो, वर्गात वाटायला चॉकलेट आणली नाहीत याचं वाईट वाटून घेतो, आणि निघतो.

आमच्या वेळचे गुरुजी होते त्यांचा अंगठ्याचा नखाएवढा भाग कायम खडूनं पांढरा असायचा. ते वर्गात पुढं उभे राहून शिकवत नसत, मागनं यायचे. तुम्ही वाचताय, आणि अचानक तुमच्या खांद्यावरनं एक हात यायचा, तपकिरीचा वास यायचा, आणि ते पांढरं नख ओळीतल्या कुठल्यातरी शब्दाखाली टेकायचं. "हे काय?" बस. तुम्ही कितीही फडफडा वाचत असा, त्या नखाखालचा शब्द आला पाहिजे. नाही आला तर छडी. मी हे कौतुकानं सांगत नाहीये. मला अजून त्या तपकिरीचा वास आला की तळहात आपोआप मिटतात. आणि त्या छडीला भिऊन किती पोरं दुसरीतच शाळा सोडून गेली त्याचा हिशोब तेव्हा कुणी ठेवला नाही. माझ्या शेजारी बसणारा एकजण होता, त्याला शेवटपर्यंत जोडाक्षर आलं नाही. बाराव्या वर्षी मामाबरोबर गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेला. सोनं आटवायचं, ॲसिडच्या धुरात बसायचं. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, जत्रेला येतो तेव्हा गाडी माझ्यापेक्षा मोठी असते, आणि मला म्हणतो, बसवरची तमिळ पाटी मी धडाधड वाचतो की रं, मराठीच येत नाय. हसतो. मीही हसतो. पण मला कधी नीट कळलं नाही की यात हसायचं नक्की काय आहे.

तर, जुनं ते सोनं वगैरे म्हणायला मी बसलेलो नाही. १९८७ च्या खडू-फळा योजनेतून आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल आला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघाला नाही, कारण फुटला तर गुरुजींच्या पगारातून कापतील म्हणून गुरुजीच भ्यायचे. आम्ही पृथ्वी बघायचो ती २६ जानेवारीला, पिशवीतून. टीव्हीवरचं फुलाफुलाचं कव्हर बघितलं तेव्हा मला तीच पिशवी आठवली. चाळीसेक वर्षं झाली. वस्तू येते, आणि मग ती जपायची जबाबदारी येते, आणि मग ती वापरली जात नाही. त्यात शाळेच्या लाइट बिलाचं दुखणं वेगळंच. ते भरायचं कुणी यावर ग्रामपंचायत आणि शाळा एकमेकांकडं बघतात. तोवर टीव्ही गप्प.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजींनी चहा पाजला. माझ्याएवढेच, सेहेचाळीस-सत्तेचाळीसचे. २००३ ला शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिना तीन हजार मिळायचे, तीन वर्षं. लग्न त्या तीन हजारावर झालं म्हणाले, सासऱ्यांना सांगितलं होतं की सरकारी आहे, वाढेल. वाढलं, आता पगार चांगला आहे, ते स्वतःच म्हणतात, पगाराची तक्रार नाही. मग कसली? तर त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि आत एक जाडजूड गाइड होतं, टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबरचा निकाल नुकता आला होता. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी राहिलीये त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी. बावीस वर्षं शिकवून झाल्यावर आता पात्रता सिद्ध करा. मी म्हणलो बरोबर तर आहे गुरुजी, डॉक्टरचं तपासतात तसं मास्तरचंही तपासायला नको का? ते रागावले नाहीत. म्हणाले, तपासा की, पण वर्गात येऊन तपासा. बावीस वर्षांत माझ्या वर्गात साहेब आले ते रजिस्टर बघायला, खिचडीचा तांदूळ मोजायला, शौचालय बघायला. पोरगं काय वाचतंय ते बघायला किती आले, बोटावर मोजून सांगतो, आणि त्यांनी खरंच बोटं मोजली. दोन.

मग कामांची यादी सुरू झाली. ती सगळ्यांना पाठ आहे म्हणून मी इथं देत नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, आधारच्या जोडण्या, एकच माहिती तीन पोर्टलवर. एके काळी पहाटे उठून उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायलाही यांनाच पाठवलं होतं, ते सांगताना गुरुजींना अजून लाज वाटते, कारण अडवायचं कुणाला तर आपल्याच वर्गातल्या पोराच्या आज्याला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. म्हणाले, काम जास्त आहे याचं काही नाही हो, शेतकऱ्याचं पोरगं आहे मी. पण दिवस तुकड्या तुकड्यात जातो. पहिलीच्या पोराला क शिकवायला बसलो की फोन. क सोडून उठायचं, परत येऊन बसायचं तर पोरगं कुठं पोचलेलं असतं, मी कुठं पोचलेलो असतो.

मला वाटतं सगळं तिथंच आहे. बोट कुठं आहे ते बघायला कुणालातरी शेजारी बसून राहावं लागतं. सलग. फोन न घेता.

गावोगाव पोरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा २०२४ चा अहवाल मी नंतर काढून बघितला. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना पाचवीत जाऊन दुसरीचं वाचता येत नाही. आकडा बघितला की आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण त्याच अहवालात खासगी शाळांचा आकडा साठाच्या जरा अलीकडं आहे, म्हणजे फी भरून, टाय बांधून, पिवळ्या गाडीत बसून गेलेल्या शंभरातली चाळीस पोरंही तिथंच अडकलेली. हे मात्र कुणी बोलत नाही, कारण ते बोललं तर आपण भरलेली फी आठवते.

मी भरलेली फीच सांगतो ना. माझा मुलगा चौथीत आहे, पुण्यात, सीबीएसई. वर्षाला लाखाच्या आसपास जातात, गाडी आणि पुस्तकं धरून. गावाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो इंग्रजीचा उतारा मोठ्यानं वाचत होता. काय उच्चार! माझ्या बापजन्मात जमणार नाहीत असे. आधी मी नेहमीसारखा सुखावलो. मग ते बोट आठवलं आणि म्हणलो, थांब, यात त्या माणसानं काय केलं सांग. त्यानं पान खालपासून वर बघितलं, मग वरपासून खाली, मग म्हणाला, बाबा, प्रश्न कुठलाय? उत्तर सांगू का, उत्तर मला येतं. प्रश्नाचं उत्तर त्याला खरंच येत होतं, अख्खं वाक्य, अगदी कॉमासकट. त्या माणसानं काय केलं हे मात्र माहीत नव्हतं. याच्या बोटाचा प्रश्नच नाही, हा बोट ठेवून वाचत नाही, त्यांच्या शाळेत ते बालिश समजतात.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तू गावाला जाऊन आलास की दोन दिवस असाच असतोस.

खरंय तिचं. पण मग मी झोपेपर्यंत हाच हिशोब करत बसलो की गावातल्या शाळेचा पट सतरावर आला कसा. माझ्या वेळी दीडशेच्या वर होता. पोरं कमी जन्मतात हे एक. धंद्यासाठी गलाईवाली घरं बाहेर गेली हे दुसरं. पण सकाळी साडेसातला गावच्या स्टँडवर एक पिवळी गाडी येते आणि तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पंचवीस-एक पोरं घेऊन जाते, त्यात सरपंचाचं आहे, दूध डेअरीवाल्याचं आहे, शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांपैकी दोघांची आहेत. गुरुजींचं स्वतःचं पोरगं कुठं आहे हे मी विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. दोन माणसं चहा पिताना जी गोष्ट विचारत नाहीत तिच्यावरच तो चहा चाललेला असतो, तसं काहीतरी होतं ते. मी फार मोठ्या तोंडानं सरकार शाळा बंद करतंय म्हणणाऱ्यातला आहे, ग्रुपवर मेसेज फॉरवर्ड करतो. पण पट कमी केला कुणी? सतराच्या आधी अठरा होता, एकोणीस होता. एकेक पोरगं कुणीतरी हाताला धरून नेलंय, आणि नेणारा दरवेळी एकच वाक्य म्हणालाय, माझ्या एकट्याच्या पोरानं काय फरक पडतोय.

आणि तरी मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण सरकारनंही या पटाशी जे खेळ केलेत ते काही कमी नाहीत. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. मग २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचं पत्र निघालं, वीसच्या आतल्या शाळा एकत्र करा, पानशेतची समूह शाळा बघा, तोरणमाळची बघा, गाडीनं पोरं आणता येतील. पुढच्या वर्षी वीसच्या आत पट असेल तर दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असा जीआर, मोर्चे निघाले, वीसाचे दहा झाले, मग आणखी काही. त्याच वर्षी फेब्रुवारीत खासगी शाळांत गरिबांसाठी असलेल्या आरटीईच्या पंचवीस टक्के प्रवेशात असा बदल केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं गरिबाचं पोर घ्यायची गरज नाही. तो जुलैत हायकोर्टानं रद्द केला. गणवेशाचं तर काय सांगायचं. २०२४ ला एक राज्य एक गणवेश, कापड वरनं, शिलाई बचत गटाकडं. गुरुजींनी मला त्यातला एक शर्ट दाखवला, ठेवून दिलाय त्यांनी, एक बाही कोपरापर्यंत आणि एक त्याच्या चार बोटं वर. "ह्याच्यावर मी आकारमान शिकवतो," म्हणाले. परत मागं घेतलं ते. पोषण आहारात आठवड्याला अंडं आलं, पोरांना सवय लागली, २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबले. पुस्तकातच वहीची कोरी पानं शिवली, तीही दीड वर्षात गेली. पहिलीपासून हिंदी आली, गेली. मोठ्या माणसांच्या बैठकीत धरसोड म्हणतात याला, पण पहिलीतल्या पोराला विचाराल तर त्याच्या दृष्टीनं शाळा म्हणजे अशी जागा जिथं गेल्या महिन्यात अंडं होतं.

यातली एकच गोष्ट मात्र कुणी बदलली नाही. प्राथमिकच्या मुलींना हजेरीचा भत्ता मिळतो, मागास आणि भटक्या समाजातल्या गरीब घरच्या, १९९२ पासून. दिवसाला एक रुपया. तेव्हाही एक, आत्ताही एक. ती दोन वेण्यांची मुलगी त्यात बसते, मेंढरामागं फिरणाऱ्यांतली आहे, आई-बाप वाड्याबरोबर फिरतीवर आणि ही आजीपाशी. वर्षभर एक दिवस न चुकता आली तर दोनशे-सव्वादोनशे रुपये. आजीला तालुक्याला बँकेत न्यायचं, फोटो काढायचा, झेरॉक्स काढायची, आजीची एका दिवसाची मजुरी बुडवायची, यातच निम्मे संपतात. गुरुजी म्हणाले मी आजीला सांगतो, राहू द्या.

चांगल्या शाळा नाहीत का? आहेत ना. आमच्याच जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या, शाळा बघायला एके काळी राज्यभरातनं मास्तरांच्या गाड्या भरून यायच्या, त्या फरशीवरच्या गोल-चौकोनांची चाल अशा शाळांतूनच गावोगाव गेली. सोलापुरातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ ला जागतिक बक्षीस मिळालं, लोकांनी मतं देऊन. मला अभिमान वाटतो, स्टेटसला ठेवतो. पण दरवेळी गोष्ट एकाच तऱ्हेची असते, एक वेडा गुरुजी किंवा एक वेड्या बाई, घरदार विसरून राबणारे. तलाठी ऑफिस चालायला तलाठी वेडा असावा लागत नाही. एसटी चालवायला ड्रायव्हर महान असावा लागत नाही, बरा असला तरी गाडी फलटणला पोचते. शाळेलाच का लागतं हे? आमचे गुरुजी काही महान नाहीत. बरे आहेत. पोरांवर जीव आहे, अक्षर सुंदर आहे, गणित जरा कच्चं आहे असं ते स्वतः सांगतात. असा बरा माणूस रोज चार तास सलग वर्गात बसू शकला तर ते बोट जाग्यावर येईल एवढीच माझी अडाणी समजूत. यात काही चुकत असेल. गावातला डेअरीवाला म्हणतो, बसवा की चार तास, बसून पेपर वाचणारेही बघितलेत आम्ही. तेही खरंय. मीही बघितलेत, एक तर दुसरीत आम्हालाच होते, पेपर संपला की आमच्यातल्या मोठ्या पोराला तंबाखू आणायला पाठवायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी परत गेलो. पिवळी गाडी वाटेत आडवी आली. शाळेत पुन्हा गुरुजी एकटेच, नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या होत्या, बाईंना तिकडची ऑर्डर. आदल्याच रविवारी टीईटी देऊन आले होते. कसा गेला विचारलं तर हात हलवला. बालमानसशास्त्राला तीस मार्क, मूल कितव्या वर्षी काय करतं ते विचारतात म्हणाले. मग मी धीर करून त्या मुलीचं सांगितलं. बोटाचं. माझी कल्पना होती की त्यांना धक्का बसेल किंवा ते नाकारतील. ते खाली बघत कागद सारखे करत राहिले. म्हणाले, मला माहीताय. चावडी वाचनाला पोरं उभी करायची होती. गावासमोर. तिला मीच पाठ करून घेतलं, आवाज चांगलाय म्हणून. फोटो पण गेला वर.

पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही. बाहेर खिचडीच्या पातेल्याचं झाकण वाजलं.

रजिस्टर काढून ठेवलं होतं. पुठ्ठ्याला वाळवी लागलेली, पानं तंबाखूच्या रंगाची, कुणबी नोंदी शोधताना कुणीतरी मध्येमध्ये बसच्या तिकिटांच्या खुणा घालून ठेवलेल्या. शिक्क्यात जिल्हा उत्तर सातारा, म्हणजे सातारा अजून दोन जिल्ह्यांत वाटलेला होता त्या काळातलं. मी पान शोधत होतो आणि पोरं भोवती गोळा झाली, त्यात ती पण, आज दोन्ही रिबिनी घट्ट. जुनी शाई बघून एकानं विचारलं हे रगात हाय का. आण्णांची ओळ सापडली. वळणदार बोरूचं अक्षर, आडनावापाशी डाग. मी तिला म्हणलो, हे माझ्या वडलांचं नाव, वाच बरं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं. हे तिच्या पुस्तकातलं नव्हतं. बोट ठेवलं. "पां," म्हणाली. बराच वेळ काही नाही. "डू." आणि मग चेहरा उजळला, जोरात म्हणाली, "पांडुरंग!"

पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. माझ्याही तोंडात शाब्बास आलाच होता. आणि माझं कामही होतंच की त्यात, पांडुरंग असेल तर आधारशी जुळतंय, आजच उतारा घेऊन मोकळा. मी वाकून बघितलं.

"परत बघ," म्हणलो. "रंग कुठाय दाखव."

ती खाली वाकली, इतकी की वेणी रजिस्टरवर आली. बोट पां वर नेलं, मग डू वर, नख पांढरं होईस्तोवर दाबलं. मग हळूच पुढं सरकवलं, जिथं नुसता पिवळा कागद होता, तिथं जरा थांबली, आणि मान वर करून म्हणाली,

"न्हाय की हो. हितंच संपलंय."